मालक, भाडेकरू आणि वास्तु

कामणहून वसईमार्गें चर्चगेटास उतरून नरिमन पॉइंटकडे वळलें, कीं आम्हां खेड्यांतल्या माणसांची मान आपोआप वर होते. तेथील २३ मजली एअर इंडिया इमारत १९७४ सालीं पुरी झाली. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटाचा आघातहि तिनें सोसला. २०१३ मध्यें मालकाचें मुख्य कार्यालय दिल्लीस गेलें आणि रिकाम्या मजल्यांवर भाडेकरू आले. इकडे २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयाचीं कांहीं कार्यालयें भाड्याच्या जागेंत बिऱ्हाड करून होतीं. पुढें कर्जापायीं ही वास्तु विक्रीस निघाली. २०२४ सालीं ती १,६०१ कोटी रुपयांस राज्य सरकारला देण्यास केंद्रानें संमति दिली. थोरल्या घराचें कर्ज आणि बिऱ्हाडकरूचें भाडें, दोन्ही आपल्या वाचकांस परिचित आहेत. म्हणून या व्यवहाराचें मर्म त्यांस निराळें सांगावयास नको.