मिरज जंक्शन

सातारा-सांगलीकडे ज्यांचें माहेर किंवा सासर आहे, अशा आमच्या वाचकांस मिरजेचें स्टेशन अपरिचित असणें शक्य नाहीं. मध्यरात्रीं तेथें गाडी बदलल्याच्या हकीकती घरोघर वडील मंडळींच्या तोंडीं असतात. परंतु गाडी मिरजेसच कां बदलावी लागे, असें मुलांनीं विचारल्यास पुष्कळांना उत्तर सुचत नाहीं. तें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

१८८० नंतरच्या दशकांत पुण्याहून बेळगांवकडे जो लोहमार्ग झाला, त्यानें सातारा व सांगली या दोन्ही राजधान्यांस बगल दिली. साताऱ्याचें स्टेशन गांवापासून कित्येक कोसांवर ‘सातारा रोड’ या नांवानें झालें. सांगलीस तर तो मार्ग शिवलाच नाहीं. मान मिळाला तो मिरजेस. १८९१ सालीं कोल्हापूर संस्थानचा मार्ग तेथें येऊन मिळाला. १९०७ सालीं सांगली संस्थाननेंही आपला फांटा मिरजेस जोडला. हे सर्व मार्ग मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत सुमारें सव्वातीन फुटांचें अंतर असलेले. १९२७ सालीं बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरवरून मिरजेस पोहोंचली. तिचे रूळ मात्र अडीच फुटांचे! एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालणें अशक्य. त्यामुळें पंढरीचा वारकरी असो कीं गुळाची ढेप असो, मिरजेस उतरणें भागच होतें.

१९७१ पर्यंत पुणें-मिरज-कोल्हापूर मार्ग साडेपांच फुटांचा, म्हणजे ब्रॉड गेज झाला. या फेरबदलांत सातारा व सांगली या शहरांसही मुख्य मार्गावर आपापलीं स्टेशनें मिळालीं. बेळगांवकडे मीटर गेज व पंढरपुराकडे नॅरो गेज तसेंच राहिल्यामुळें, एका घरांत तीन पिढ्या नांदाव्या त्याप्रमाणें तीनही मापांचे रूळ कांहीं वर्षें मिरजेस एकत्र नांदले.

पुढें बेळगांवचा मार्ग रुंद झाला आणि २०१० च्या सुमारास पंढरपूरचाही. गाडी बदलण्याचा त्रास गेला. त्याबरोबर त्या अदलाबदलीवर ज्या हमालांचें पोट चाले, त्यांचें कामही गेलें. स्टेशनचें जुनें वैभव ओसरलें, अशी हळहळ आम्हांसही वाटे.

परंतु २०१६ च्या उन्हाळ्यानें आमचें मत पालटलें. लातूर शहर पाण्यावांचून तळमळत होतें. ११ एप्रिल रोजीं दहा वाघिणींची एक गाडी कृष्णाकांठचें पाणी घेऊन मिरजेहून निघाली. प्रत्येक वाघिणींत सुमारें ५० हजार लिटर पाणी होतें. पंढरपूर, कुर्डुवाडी अशी बार्शी लाइटच्याच जुन्या वाटेनें सुमारें ३४० किलोमीटर जाऊन ती दुसऱ्या दिवशीं लातुरास पोहोंचली. लवकरच पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या. त्या वाघिणी रुंद मार्गाच्या होत्या. अडीच फुटांचे रूळ तसेच राहिले असते, तर त्यांतली एकही मिरजेच्या पुढें सरकली नसती.

ज्या स्टेशनांत साऱ्यांना थांबावें लागे, त्याचें नांव मोठें झालें हें खरें. पण तेथून निघालेलें पाणी वाटेंत कोठेंही न उतरवितां तहानलेल्यांपर्यंत गेलें, हें भूषण आम्ही अधिक मोठें मानतों. पुढल्या वेळीं गाडी मिरजेस उभी राहील, तेव्हां मुलांना ही हकीकत अवश्य सांगावी.