सबवूफरचा ॲम्प्लिफायर : बदल आणि बिघाड

• सबवूफर साधारण 20 ते 200 हर्ट्‌झचे खर्जातले आवाज वाजवतो. ‘5.1’ ध्वनिप्रणालीतला ‘.1’ हा त्याचा स्वतंत्र चॅनेल.

• ॲक्टिव्ह सबवूफरचा ॲम्प्लिफायर खोक्यातच असतो. पॅसिव्हला तो बाहेरून जोडतात.

• ॲम्प्लिफायर बदलताना त्याचे वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. त्यामुळे आधी स्पीकरशी ओहम (इम्पिडन्स) जुळवणे महत्त्वाचे : 8 ओहमसाठीच्या ॲम्प्लिफायरला 4 ओहमचा स्पीकर जोडल्यास ॲम्प्लिफायर तापतो, जळूही शकतो.

• सतत घुमणारा आवाज सिग्नलची केबल काढल्यावर थांबला, तर दोष बहुधा अर्थिंगच्या लूपचा. केबल काढूनही राहिला, तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर तपासावेत. लूप तोडण्यासाठी अर्थची पिन मात्र कधीही काढू नये.

• प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरू शकतो.