आतून चढणारे पदर

बोरी नदीकाठच्या वावरात अनवाणी पायात बाभळीचा काटा रुतला की वेदना दोनदा येते. आधी चर्रकन टोच, पाठोपाठ रेंगाळत राहणारी आग. काटा एकच, पण निरोप नेणारे तंतू दोन प्रकारचे. टोच नेणाऱ्या तंतूंवर मायलिनचं पातळ आवरण असतं. त्यांतून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. आग नेणारे तंतू उघडे असतात, त्यांचा वेग जेमतेम अर्धा ते दोन मीटर. जाड मायलिन असलेल्या तंतूंत हाच वेग १२० मीटरपर्यंत जातो.

मायलिन म्हणजे मुख्यतः चरबी. त्याच्या कोरड्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा, बाकी प्रथिनं. वनस्पती तुपासाठी १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो, जिथे उभी राहिली, त्या अमळनेरला चरबीचं मोल सांगायला नको. ही चरबी मात्र ताटातून थेट मेंदूत पोचत नाही. मेंदूला लागणारं जवळजवळ सगळं कोलेस्टेरॉल मेंदूतल्या पेशीच तयार करतात.

आवरण चढवणाऱ्या पेशीही ठरलेल्या. हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत हे काम श्वान पेशींचं. एक पेशी तंतूच्या एकाच तुकड्याला बिलगते आणि स्वतःचंच पटल त्याच्याभोवती गुंडाळू लागते. फेटा बांधताना नवा पदर वरून चढतो, इथे उलटं. पेशीची आतली कड आधीच्या वेढ्यांखालून, तंतूला चिकटून पुढे सरकते, त्यामुळे सर्वांत नवा पदर सर्वांत आत असतो. मग पदरांमधला द्रव निघून जातो आणि थर एकमेकांवर घट्ट बसतात. हे आवरण असं गुंडाळून तयार होतं, हे बेटी गेरेन यांनी १९५४ साली कोंबडीच्या भ्रूणातले मज्जातंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं.

वेढे किती द्यायचे, याचा हुकूम तंतूकडून येतो. त्याच्या पृष्ठभागावरचं न्यूरेग्युलिन हे प्रथिन श्वान पेशीला इशारा देतं. तंतू जाड, तर वेढे जास्त. मेंदू आणि मज्जारज्जूत हीच कामगिरी ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशींकडे असते. तिथे एकटी पेशी अनेक फांद्या पसरून चाळीस-पन्नास तुकड्यांवरही आवरण चढवू शकते.

दोन तुकड्यांमध्ये बारीकशी उघडी जागा राहते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॅनव्हिए यांचं नाव तिला मिळालं आहे. विद्युतसंदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी घेत जातो. वेगाचं मर्म हेच.

मायलिन चढवण्याचं काम गर्भातच सुरू होतं, पण जन्मताना बरंचसं बाकी असतं. तान्ह्या बाळाच्या तळव्याच्या कडेने टाचेकडून बोटांकडे रेघ ओढली तर अंगठा वर उचलला जातो. मेंदूतून मज्जारज्जूत उतरणाऱ्या तंतूंवर पुरेसं मायलिन चढलं की, साधारण चालायला लागण्याच्या वयात, तोच अंगठा खाली वळतो. मोठ्या माणसाचा अंगठा वर गेला, तर मात्र डॉक्टर मेंदूत किंवा मज्जारज्जूत बिघाड शोधू लागतात. निर्णय आणि संयम सांभाळणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागात मायलिन चढवण्याचं काम विशीतही चालू असतं.

आवरण बिघडलं की काय होतं, याची चर्चा जानेवारी २०२५ मध्ये घरोघरी झाली. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले आणि आकडा दोनशेच्या पुढे गेला. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू सापडला. या आजारात जंतूंवर सोडलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. काही रुग्णांत मायलिन सोलून निघतं, काहींत खुद्द तंतूला इजा होते. फक्त मायलिन गेलं असेल तर श्वान पेशी पुन्हा वेढे देऊ लागतात. नवे तुकडे आखूड आणि पातळ असतात, तरी माणूस बहुधा चालू लागतो.

आवरण बिघडण्याचं दुसरं कारण शांतपणे काम करतं: ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. मायलिन घडवायला आणि टिकवायला ते लागतं. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत ते मिळतं. कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा यांत ते नसतं. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींत ब-१२ कमी आढळलं. त्यांच्या मुलांपैकी काहींची नवव्या वर्षी चाचणी घेतली, तेव्हा गरोदरपणी ब-१२ फार कमी असलेल्या आयांची मुलं एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या कसोट्यांत मागे पडली. अर्थात, यामागे एकट्या मायलिनचाच हात आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

तळपायाला मुंग्या, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणं ही लक्षणं दिसली तर रक्ततपासणीत ब-१२ पाहून घ्यावं. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्ताचा अहवाल सुधारू शकतो, मज्जातंतूंची हानी मात्र तशीच चालू राहते.