लाखोळी : बंदीपासून सुधारित वाणापर्यंत



पूर्व विदर्भाच्या धान पट्ट्यात लाखोळीचे पीक आपणास नवे नाही. धान कापणीला १०-१५ दिवस असताना उभ्या बांधीत ओलीवर बी फेकायचे, एवढीच काय ती मशागत. हरभरा जेथे तग धरत नाही तेथे लाखोळी येते. तिच्या डाळीत सुमारे २५ ते ३० टक्के प्रथिने असतात. जनावरांना कुटार मिळते व जमिनीत नत्राची भर पडते. असे गुणी पीक असूनही लाखोळीचे नाव काढले की लंगडेपणाची भीती वाटते. ही भीती कितपत खरी आहे आणि संशोधनाने त्यावर काय उपाय काढला, याची माहिती या लेखात दिली आहे.

लंगडेपणा कशामुळे येतो?

लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचे विषारी द्रव्य असते. भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९६४ मध्ये वेगळे करून ओळखले. ते मज्जासंस्थेवर परिणाम करते. पायांचे स्नायू ताठरतात, रोगी काठीच्या आधाराने चवड्यावर चालू लागतो आणि पुढे त्याला सरपटावे लागते. एकदा आलेले हे अपंगत्व बरे होत नाही.

मात्र अधूनमधून वरण खाल्ल्याने हा रोग होत नाही. रोजच्या आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखोळीचाच असेल आणि असे दोन-तीन महिने सतत चालले, तर धोका निर्माण होतो. सागर भागात १८२९ पासून लागोपाठ गहू बुडाला व लोक लाखोळीवर जगले. १८३३ पासून तेथे तरुण माणसे लंगडी होऊ लागल्याची नोंद इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी केली आहे. पुढे रेवा व सतना भागातील वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून लाखोळीच मिळे. तेथेही हेच घडले. म्हणजे रोगाचे एक मूळ दाण्यात आहे, तर दुसरे गरिबीत आहे.

बंदीने काय साधले?

अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. परंतु ज्याला लंगडेपणा येत होता तो माणूस बाजारातून डाळ विकत घेत नव्हता. तो घरची किंवा मजुरीत मिळालेली लाखोळी खात होता. त्याच्यापर्यंत बंदी पोहोचलीच नाही. पेरा चालूच राहिला आणि माल तूरडाळीत व बेसनात मिसळून खपू लागला. ही बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ चळवळ केली, उपोषणे केली. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये राज्यातील बंदी उठविली.

संशोधनाने काय दिले?

स्थानिक वाणांत ओडॅपचे प्रमाण साधारणतः ०.२ ते ०.५ टक्के, तर कधी त्याहूनही अधिक असते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने प्रथम पुसा-२४ हा वाण दिला. पुढे त्यापासून ऊतीसंवर्धनाने निवडलेला रतन हा वाण १९९७ मध्ये प्रसारित झाला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने प्रतीक व महातिवडा हे वाण विकसित केले. रतन, प्रतीक व महातिवडा यांत ओडॅप ०.१ टक्क्यापेक्षा कमी आढळते.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१. बियाणे विद्यापीठ किंवा अधिकृत बीजकेंद्रातूनच घ्यावे. सुधारित वाण दिसण्यावरून ओळखण्याच्या भरीस पडू नये.

२. मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागीकरण होते. म्हणून सुधारित वाण गावरान लाखोळीला लागून पेरू नये. खळे व साठवणही वेगळी ठेवावी आणि दर काही वर्षांनी बियाणे बदलावे.

३. ओलाव्याचा ताण व जस्ताची कमतरता असल्यास दाण्यात ओडॅप वाढू शकते. त्यामुळे मातीपरीक्षण करून शिफारशीप्रमाणे जस्त द्यावे.

४. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, नंतर भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी ओतून टाकावे. ओडॅप पाण्यात विरघळत असल्याने त्याचा बराचसा भाग निघून जातो. नुसते भाजल्याने तेवढा फायदा होत नाही.

५. लाखोळी नेहमी भात, ज्वारी, इतर डाळी व भाजीपाला यांच्या जोडीनेच खावी.

६. विक्री करण्यापूर्वी लागू असलेल्या नियमांची अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करावी. दुसऱ्या डाळीत मिसळून विकू नये.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सुधारित वाणात विष कमी आहे, ते पूर्णपणे गेलेले नाही. ज्या वर्षी धान बुडते त्या वर्षी लाखोळी मात्र हाती येते आणि नेमका त्याच वर्षी धोका वाढतो. अशा वेळी शेतमजुराला मजुरीत केवळ लाखोळी देऊ नये आणि आपल्या घरीही तिच्या एकटीवर भागवू नये. वाण सुधारण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले आहे. ते शुद्ध राखणे आणि ताटात मिश्र आहार ठेवणे हे काम आपले आहे.