परसातली चित्रशाळा: रंग हवेत, वाफा नकोत

गेल्या हिवाळ्यात एक सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक दवाखान्यात आले. तक्रार डोकेदुखीची. रक्तदाब तपासला, ठीक होता. चष्म्याचा नंबर नुकताच बदललेला. झोप बरी, भूक बरी. तरीही दोन महिने रोज संध्याकाळी कपाळ ठणकायचे आणि गोळी घ्यावी लागायची. मी चिठ्ठी लिहायला घेतली, तेवढ्यात त्यांच्या सौ. म्हणाल्या, "मुलीकडे पुण्याला आठ दिवस होतो ना डॉक्टर, तिथे एकदाही दुखलं नाही हो यांचं डोकं."

आमच्या धंद्यात अशा एका वाक्याची किंमत दहा तपासण्यांएवढी असते. घरी असे काय आहे, जे पुण्यात नाही? विचारत गेलो तेव्हा कळले, की घरामागची सरपण ठेवायची पत्र्याची खोली रिकामी करून सरांनी तिथे चित्रशाळा थाटली होती. चाळीस वर्षे मुलांच्या चित्रवह्या तपासल्या, आता स्वतःची चित्रे काढायची, तीही तैलरंगात. थंडी वाजते म्हणून एकुलती एक खिडकी बंद, दाराला जाड पडदा, आणि शेजारी स्टुलावर टर्पेंटाइनची उघडी वाटी.

"मग आता चित्रं बंद करू का?" सरांनी विचारले. त्या आवाजात जे होते, ते ऐकून कोणताही डॉक्टर हो म्हणाला नसता. चित्रे बंद करायची नव्हती, खोली बदलायची होती.

निवृत्तीनंतर परसातल्या खोलीत असा छंद मांडणारे आता गावोगावी दिसतात. कोणी रंगवतो, कोणी शाडूच्या मूर्ती करतो. मन रमते, हात चालतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण अडगळीची खोली माणसाने रोज चार तास बसण्यासाठी बांधलेली नसते, हे विसरले जाते.

टर्पेंटाइन उघडे ठेवले, की त्याची वाफ होते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि वरच्या झरोक्यातून सहजी बाहेर जात नाही. ती श्वासावाटे गेली, की डोके दुखते, डोळे चुरचुरतात, मळमळते, चक्कर येते. दमेकऱ्यांना तर खोकल्याची उबळच येते. थोड्या वेळाने नाकाला वास जाणवेनासा होतो, आणि आपल्याला वाटते वाफ गेली. ती गेलेली नसते, नाक सरावलेले असते. बिनवासाचे थिनर आणले म्हणजे सुटलो, असेही नाही. वास नसला तरी वाफ असतेच.

उपाय साधा आहे. समोरासमोर दोन खिडक्या असाव्यात आणि खाली जमिनीलगत एक जाळी. हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणार असाल तर तो चित्राच्या बाजूला असावा आणि ताजी हवा आपल्या पाठीकडून यावी. म्हणजे वाफ नाकावरून न जाता परस्पर बाहेर पडते. टेबलफॅन लावून काम भागत नाही, तो तीच हवा खोलीत घुसळतो. वाटीला झाकण हवे. हातावरचा रंग टर्पेंटाइनने किंवा रॉकेलने धुण्याची सवय तर सोडावीच, कातडी फुटते. थोडे गोडेतेल चोळावे, मग साबण लावावा.

आता खोली तयार करण्याविषयी. खरा धोका पुष्कळदा चित्रकलेच्या आधीच होऊन जातो. जुने सरपण उपसताना हातमोजे आणि बूट घालावेत. (कोकणातल्या वाचकांना विंचवाविषयी मी काय सांगावे! महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाचे पुष्कळ जीव वाचले, पण दंश न होणे अधिक बरे.)

छपराला सिमेंटचे पत्रे असतील तर अधिक जपावे. अशा पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेल तोवर फारसे बिघडत नाही. पण उजेडासाठी तो करवतीने कापला किंवा त्याला भोके पाडली, की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यांतून होणारा कॅन्सर वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा डोके वर काढतो. तोंडावरचा रुमाल ते तंतू अडवत नाही. उजेड हवा असेल तर भिंतीत खिडकी काढावी, तीही उत्तरेला. चित्रकारांना तोच उजेड आवडतो, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. पत्रा काढायचाच असेल तर पाण्याने ओला करून, न फोडता, अखंड उतरवावा.

दाराचा जुना ऑइलपेंट खरवडतानाही हेच. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते. कोरडी पॉलिशपेपर घासाई केली की ती धूळ खोलीभर पसरते, आणि तिथे नातवंडे रांगतात. लहान मुलांच्या पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट अंगात मुरते आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालते. पृष्ठभाग ओला करून घासावा, नंतर ओल्या फडक्याने पुसावे, झाडू मारू नये.

शिसे चित्रकाराच्या नळीतही असू शकते. जुन्या पद्धतीचा शिशाचा सफेदा आणि शेंदूर ही दोन्ही शिशाचीच संयुगे. ब्राझीलचे थोर चित्रकार कांदिदो पोर्तिनारी यांनी न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीसाठी युद्ध आणि शांतता ही प्रचंड चित्रे रंगवली. रंगांतल्या विषाची बाधा झाल्याचे डॉक्टरांनी सांगूनही त्यांचा कुंचला थांबला नाही. १९६२ साली, साठीही न गाठता, ते शिशाच्या विषबाधेने गेले. आज त्यांच्यासारखे निवडण्याची वेळ कोणावर यायला नको. टायटॅनियमचा पांढरा रंग सहज मिळतो, तो घ्यावा. पिवळ्या-तांबड्या नळ्यांवर कॅडमियम लिहिले असेल तर तो रंग ओला लावायला हरकत नाही, मात्र सुकलेला घासू नये आणि कोरडी भुकटी घरी खलू नये.

कुंचल्याचे टोक ओठांत धरून निमुळते करण्याची खोड सरांनाही होती. जलरंगवाल्यांना ती फार असते. याच खोडीपायी १९२० च्या सुमारास अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींच्या पोटात रेडियम गेले आणि कित्येकींचे जबडे झडले. आपल्या रंगात रेडियम नाही, पण त्या खोलीत चहाचा कप आणि बिस्किटेही नकोतच.

एक गोष्ट राहिली. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडते. बोळ्यात ती कोंडली, की काडी न ओढता चिंध्या पेटतात. त्या बाहेर दोरीवर सुट्या वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

सरांनी जमिनीलगत चार विटा काढून जाळी बसवली, वाटीवर झाकण आले, पडदा गेला. पंधरा दिवसांत डोकेदुखी थांबली. खिडकी उघडी असल्याने थंडी वाजते, म्हणून सौ. नी विणलेला स्वेटर घालून बसतात. त्याच्या बाहीला निळा रंग लागला, याबद्दल परवा माझ्यासमोरच त्यांना बोलणी बसली.