कापसाच्या कारखान्यातील खोट्या आकड्यांचा मागोवा

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचा इतिहास ज्यांनी चाळला आहे त्यांना खामगावची थोरवी नव्याने सांगावयास नको. १८७० साली जलंबहून तेथवर लोहमार्ग आला तो मुख्यतः या बाजारपेठेतील कापसासाठीच. त्या युगातील जिन-प्रेसांत, म्हणजे सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांत, यंत्राची प्रकृती जाणण्याची साधने दोनच, दाबाचे काटेदार घड्याळ आणि जुन्याजाणत्या फिटरचा कान. काटा अडकला तर टिचकी मारताच उमगे. पुढे विजेची मोटार आली, रिलेंची पॅनेले आली, तरी बिघाड बहुधा डोळ्यांना दिसण्याजोगाच राहिला.

मोटारगाड्यांच्या कारखान्यासाठी मॉडिकॉन कंपनीचा पहिला पीएलसी, म्हणजे कार्यक्रमानुसार यंत्र चालविणारा नियंत्रक, १९६९ साली अमेरिकेत अवतरला. आपल्याकडील जिनांत मात्र त्याचा अंमल खऱ्या अर्थाने सुरू झाला तो २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मिशन हाती घेऊन जुन्या जिन-प्रेसांच्या नूतनीकरणास अर्थसाह्य देऊ केल्यानंतर. १७० किलोची गाठ बांधणारा प्रेस आता पडद्यावरील आकड्यांच्या हुकमाने चालू लागला, आणि त्याचबरोबर एक नवेच संकट उद्भवले. कारण पीएलसीचे इनपुट मॉड्यूल, म्हणजे यंत्रावरून येणारे संकेत वाचणारा भाग, खोटा आकडाही खऱ्याइतक्याच ठामपणे दाखविते.

या बिघाडांतील सर्वांत बोधप्रद प्रकार असा. पंप बंद आहे, तेल टाकीत परतले आहे, आणि पडद्यावर मात्र ५० बार दाब. दाब मोजणारा ट्रान्समीटर ० ते २५० बारचा. शून्य दाबाला तो ४ मिलिअँपिअर प्रवाह पाठवितो, पूर्ण दाबाला २०. शून्यालाही प्रवाह ठेवण्यात मोठे शहाणपण आहे, कारण प्रवाहच नाहीसा झाला तर दाब शून्य झालेला नसून तार तुटली आहे, हे तत्काळ कळते. परंतु मॉड्यूल बदलताना नव्याची मांडणी ० ते २० अशी राहून गेली, तर तेच ४ मिलिअँपिअर पंचमांश ठरतात आणि निश्चल प्रेसवर ५० बार उमटतात. येथे ट्रान्समीटर निर्दोष, तारही निर्दोष.

याहून फसवा प्रकार वीजपुरवठ्याचा. २४ व्होल्टचा पुरवठा खचला की आकडे कमी दाबावर बिनचूक येतात, आणि गाठ आवळली जात असता, नेमक्या मोक्याच्या क्षणी, एका जागी थबकतात. ट्रान्समीटरला अधिक प्रवाह ढकलण्याचे बळच उरलेले नसते. पीएलसीचा कार्यक्रम ठरल्या दाबाची वाट पाहत राहतो, पंप तेल रेटीत राहतो, आणि अखेरीस रिलीफ व्हॉल्व्ह उघडून अनर्थ टाळतो. ट्रान्समीटरच्या तारेशेजारून मोटारीच्या ड्राइव्हची केबल गेली असेल तर मोटार सुरू होताच आकडे थरथरतात. तारेच्या शील्डचे अर्थिंग एकाच टोकाला आहे ना, हे तेव्हा प्रथम पाहावे. फोटोसेन्सरच्या काचेवर तंतू साचण्याची गोष्ट तर प्रत्येक हंगामातली.

गेल्या दोन दशकांत तपासाची जी रीत रूढ झाली, तिचे मर्म एवढेच, की मॉड्यूलला आरोपी ठरविण्यापूर्वी त्याची स्वतंत्र जबानी घ्यावी. ट्रान्समीटरची तार सोडवून कॅलिब्रेटरने मॉड्यूलच्या टर्मिनलवर ४, १२ आणि २० मिलिअँपिअर द्यावेत. पडद्यावर अनुक्रमे ०, १२५, २५० उमटले तर मॉड्यूल आणि त्याची मांडणी दोन्ही निर्दोष, मग टर्मिनलचे स्क्रू, जंक्शन बॉक्स आणि ट्रान्समीटर या क्रमाने मागे जावे. हा दहा मिनिटांचा व्याप टाळून थेट नवे मॉड्यूल मागविण्याची घाई मला अक्षम्य वाटते. ऐन हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग ताटकळत असते, आणि पार्सल परगावाहून येईपर्यंत शेतकऱ्याच्या मुक्कामाचा खर्च कोणी भरून देत नाही.

जुन्या कारखान्यांत प्रेसच्या दुरुस्तीची नोंदवही असे. त्याच धर्तीवर आता पॅनेलच्या दाराच्या आतील बाजूस प्रत्येक चॅनेलची मर्यादा, मांडणी आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहून ठेवण्याची तजवीज सर्वच जिनांनी दिवाळीपूर्वी करावी. मॉड्यूल बदलणाऱ्या नवख्या मुलाला ० ते २० की ४ ते २०, हे मग कोणाला विचारावे लागणार नाही.