मोतीबिंदूनंतरची नजर आणि नेत्रदान



खोडव्याच्या नोंदी घेताना एका सभासदाने विचारले, "साहेब, वडिलांचा मोतीबिंदू पिकलाय. नेत्रदानातला डोळा बसवून नजर येईल का?" प्रश्न उसाचा नव्हे, पण हा गैरसमज गावोगावी आहे, म्हणून लिहितो.

मोतीबिंदू होतो तो डोळ्याच्या आतल्या भिंगाला. नेत्रदानातून मुख्यतः घेतात तो बुबुळावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे कॉर्निया. दोन्ही वस्तू निराळ्या. तेव्हा दान मिळालेल्या डोळ्याने मोतीबिंदू जात नाही, तो काढावाच लागतो.

मात्र काढल्यानंतरच्या नजरेसाठी कॉर्नियाचा उपयोग झालेला आहे. पूर्वी खराब भिंग काढले की सुमारे दहा नंबरचा जाड चष्मा देत. त्यातून वस्तू पाव पटीहून मोठी दिसे. एकच डोळा केलेला असला, तर दोन डोळ्यांची चित्रे जुळतच नसत. १९८० च्या सुमारास अमेरिकेत डॉ. कॉफमन व डॉ. वर्बलिन यांनी यावर युक्ती काढली. दानातला कॉर्निया गोठवून लेथवर भिंगाच्या आकाराचा उतरवायचा (आपल्या वर्कशॉपात मिलचा रोलर टर्न करतात तसाच, पण केसाच्या मापाने!) आणि रोग्याच्या कॉर्नियावर शिवून टाकायचा. एका परीने कायमचा चष्माच. न मानवल्यास काढताही येई. पण नजर स्वच्छ व्हायला महिने लागत. पुढे डोळ्यात बसवायची कृत्रिम भिंगे सुधारली आणि ही पद्धत मागे पडली. वडिलांनाही आता तेच भिंग बसेल.

मग नेत्रदान कशाला? तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर क्वचित कॉर्नियाचा आतला थर निकामी होतो. पाणी उपसणारा पंप बंद पडला की रान चिबडते ना, तसा कॉर्निया पाणी धरून फुगतो आणि सगळे धुरकट दिसते. या पेशी पुन्हा वाढत नाहीत. अशा वेळी दानातला फक्त तेवढा पातळ थर आत सरकवून हवेच्या बुडबुड्याने चिकटवतात. उसाचे पाते लागून, जखम चिघळून कॉर्नियात फूल पडले असेल, तर मात्र बऱ्याचदा पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलावा लागतो.

त्याच सभासदाने जाताना विचारले, मोतीबिंदू काढलेल्या माणसाला नेत्रदान करता येते का? येते. चष्मेवाल्यालाही येते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे. ती माणसे येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर थोडे उंच करावे आणि पंखा बंद ठेवावा.

— ऊस विकास अधिकारी